मूग, हरभरा आणि एक उडीद

आमच्या दातांच्या डॉक्टरांचे स्वतःचे दात कुणी पाहिले नव्हते. वरच्या ओठावर इतकी घनदाट मिशी, की ती लोंबून थेट खालच्या ओठाला टेकायची. ते हसले की मिशी थरथरायची आणि त्यावरून आपण समजायचं, साहेब हसले. चहासुद्धा त्या मिशीतून गाळूनच आत जायचा. आमचा ड्रायव्हर मला हळूच विचारायचा, "ताई, आपले साहेब दात घासते का नाही वं?" मी त्याला गप्प बसवायचे, पण शंका मलाही होती.

मी त्या पथकात सिस्टर होते. डॉक्टर, मी आणि ड्रायव्हर असे तिघं रिसोडहून सकाळी गाडी काढायचो आणि अंगणवाड्या फिरायचो. शाळेत न जाणाऱ्या बारक्या पोरांचे दात पाहायचे, कुणाचे किडायची भीती जास्त, कुणाची कमी, ते ठरवायचं आणि कार्डावर खूण करायची, एवढंच काम. दुसरा कुणी असता तर अर्ध्या दिवसात अंगणवाडी उरकून घरी गेला असता. आमच्या साहेबांना मात्र पोराच्या तोंडाकडे वळायलाच तासभर लागायचा.

गावात शिरलं की ते आधी गाडी किराणा दुकानासमोर थांबवायला लावायचे. दुकानदाराला वाटे, मोठं गिऱ्हाईक आलं. साहेब चक्क उकिडवे बसून, तीन वर्षांच्या पोराच्या उंचीवरून दुकानाकडे पाहायचे. त्या उंचीवर काय काय लटकतंय, हात कुठवर पोचतो, गोळ्यांची बरणी कुठं ठेवलीय. मग प्रत्येकातलं एकेक विकत घेऊन गाडीत खायचे. तपासणीसाठी म्हणून. तपासणी संपेपर्यंत सीटखाली कागदांचा ढीग साचायचा आणि तो मी झाडायचे.

"गोड असूद्या सिस्टर, ते एवढं वाईट नाही," ते मिशी पुसत म्हणायचे. "पण हे पाहा, दाताले कसं चिकटून राह्यलं. अन् दिवसभर थोडं थोडं चालते. दाताले सुटीच नाही."

त्यांना गोडाबद्दल हे ज्ञान वारशानं मिळालं होतं. शेलूबाजारात त्यांच्या वडिलांचं मिठाईचं दुकान होतं. आठवड्याच्या बाजाराला आलेला माणूस तिथून पुडा बांधून घेतल्याशिवाय जीपमध्ये बसायचा नाही. बापानं जिल्ह्याला गोड खाऊ घातलं आणि पोरगा आता जिल्ह्याचे दात मोजत फिरतोय, असं लोक चिडवायचे. साहेबांना त्याचा राग नव्हता. "बाप पेरून गेला, मी निंदून राह्यलो," म्हणायचे. आणि परतताना रिसोडच्या स्टँडजवळ पेढ्याच्या दुकानासमोर गाडी आपोआप थांबायची.

तपासणीची त्यांची रीतही निराळी. पोराला आणलं की ते आधी पोराला आणणाऱ्या बाईचे दात पाहायचे. "पहिले आजीनं तोंड उघडाचं." आज्या बिचाऱ्या लाजून पदर तोंडाशी धरायच्या. "मले पाहून काय करता, माहे तं गेले!" साहेब म्हणायचे, "तुमचे गेले म्हणूनच पाह्यतो. घास तुमी चाखून देता ना तिले? तुमच्या तोंडात जे हाय ते तिच्या तोंडात जाते." मग दुधाची बाटली मागवायचे, तिचं बूच नाकाशी धरून हुंगायचे. आणि सगळ्यात शेवटी तो त्यांचा ठरलेला प्रश्न विचारायचे.

"रडलं का काय देता?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं, की निम्मी तपासणी झाली असं ते मानायचे. कुणी चहात बुडवलेलं बिस्कीट सांगायची, कुणी गुळाचा खडा, कुणी दहा रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी. मग कुठे पोराची पाळी. पोराला आडवं कसं करायचं, तर दोन माणसांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, मधे मांडीवर पोरगं, डोकं डॉक्टरच्या मांडीत. आता गावात परपुरुषाच्या गुडघ्याला गुडघा कोण लावणार? त्यामुळे समोर रोज मी. ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा आमचे हे दोन दिवस घुम्यासारखे वागले होते. शेवटी मी त्यांना एक दिवस सोबत गाडीत घेऊन गेले. पोरांची बोंबाबोंब ऐकून ते अर्ध्या तासात बाहेर लिंबाखाली जाऊन बसले आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

पोरगं मांडीत आलं की साहेब अंगठ्यानं त्याचा वरचा ओठ उचलायचे. किडीचा खड्डा पडल्यावर आंधळ्यालाही दिसतो. त्यांना खड्ड्याच्या आधीची खूण हवी असायची. वरच्या चार पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ. ती दिसली तर दात अजून वाचतो, आणि दुर्लक्ष केलं तर पुढच्या मोसमात त्या जागी काळा खुंट असतो.

एक मात्र त्यांना खपत नसे. आया पोराला सांगायच्या, "काही नाही करत डाक्टर, काही दुखत नाही." ते लगेच हात थांबवायचे. "खोटं कायले बोलता वं? पुढच्या खेपेले ते तोंड उघडन का? दुखन तं दुखन म्हणा, अन् संगं बसा."

आणि सगळीकडे आडवा येणारा एकच मुद्दा, "दुधाचे दात तं पडणारच हायत साहेब, त्याईले जपून काय कराचं?" त्यावर त्यांचं उत्तर तयार असे. "कांद्याचं रोप वाफ्यातून उपटूनच लावता ना? म्हणून वाफ्याले पाणी देत नाही का?" शेतकरी माणूस यावर डोकं खाजवायचा. त्याच्या बायकोला मात्र पटायचं, कारण वाफ्याला पाणी तीच देत असे.

आता डब्याची गोष्ट सांगते. कार्डावर जोखीम जास्त, मध्यम, कमी असं छापलेलं होतं. पण ते कार्ड घरी जाऊन पत्र्याच्या फटीत खोचलं जातं, हे साहेबांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. बायकोचा मिसळणाचा गोल डबा त्यांनी सोबत ठेवला होता. ती वारून काही वर्षं झाली होती, साहेब रिसोडला एकटेच राहायचे, त्यामुळे घरात मोहरी-हळदीला तसं काम उरलं नव्हतं. त्या डब्यातल्या वाट्यांत मूग, हरभरा आणि उडीद. पोराचं ठीक असेल तर बाईच्या तळहातावर एक मूग ठेवायचा. जरा सांभाळा असं असेल तर हरभरा. आणि दात जायच्या बेतात असतील तर उडीद.

"कार्डावरचं 'जास्त' कोणी वाचत नाही सिस्टर. हातावर काळा दाणा पडला का बरोब्बर समजते."

आणि खरंच समजायचं. गावागावात बाया एकमेकींना विचारू लागल्या, "तुह्या पोट्टीले काय भेटलं?" मूग मिळालेली बाई आठवडाभर मान वर करून पाणी भरायची. हरभरावाली "तीन महिन्यानं पाह्यतो" हे साहेबांचं वाक्य घेऊन घरी जायची आणि बिस्किटाचा पुडा उंच फडताळावर ठेवायची. आमचे वरिष्ठ कधी गाडीत बसलेच तर मी तो डबा माझ्या पिशवीत लपवायचे.

एका वस्तीवर मात्र हा डबा आमच्या अंगाशी आला.

रिठदच्या पलीकडे ती वस्ती. दिवाळी होऊन गेली होती. निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारी माणसं आणि बारकी पोरं. अंगणवाडीत आरू नावाची अडीच वर्षांची एक पोर आजीच्या कडेवर आली. आई-बाप कोयते घेऊन साखर कारखान्याच्या मुलखात. तिचा मोठा भाऊ शेजारीच उभा होता. त्याच्या तोंडात पुढे चार काळे खुंट, आणि सगळी वस्ती त्याला 'बोळक्या' म्हणून हाक मारत होती. साहेबांनी आरूचा ओठ उचलला. चारही दातांवर पांढरी रेघ.

"रडली का काय देता?"

आजीनं नजर वळवली. पोरीच्या हातात बाटली होतीच. साहेबांनी ती हुंगली, मिशी आवळली आणि डब्यातून उडीद काढला.

आता चूक कुणाची म्हणायची? साहेबांना गाडी लागायची, म्हणून ते हुंगायला खिशात लिंबू ठेवायचे. उडीद द्यायला वाकले आणि ते लिंबू खिशातून निसटून गडगडत बरोबर म्हातारीच्या पायाशी जाऊन थांबलं. वर त्या दिवशी अमावस्या. ते आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं, सरकारी दौऱ्याला तिथी कुठली? म्हातारीनं लिंबाकडे पाहिलं, हातातल्या काळ्या दाण्याकडे पाहिलं, त्या मिशीकडे पाहिलं, आणि पोरीला छातीशी धरून पळत सुटली.

पुढच्या आठवड्यात औषधाचा लेप लावायला गेलो, तर अंगणवाडीत एक पोर नाही. सेविका दारातच उभी. "सर, तुमी करणी केली म्हणते बुढी. मीठ-मिरची उतरून टाकली तिनं. कोणी पोट्टे पाठवून नाही राह्यलं."

मला वाटलं, झालं, आता वरिष्ठांना पत्र आणि साहेबांची बदली. पण साहेबांना बदलीचं काही नव्हतं. ते एकच बडबडत होते, "तिचे चार दात जातीन सिस्टर. उन्हाळ्यापर्यंत थांबणार नाहीत ते." आणि डबा काखेत मारून सरळ म्हातारीच्या दारात गेले.

म्हातारी उंबऱ्यावरच बसली होती. सगळी वस्ती तमाशा पाहायला गोळा झाली. तिनं पदराची गाठ सोडून तो उडीद काढला. फेकून दिला नव्हता, कारण करणीची वस्तू करणाऱ्यालाच परत द्यावी लागते.

"तुमची चीज तुमी वापस घ्या."

"नाही घेणार," साहेब म्हणाले. "अन् करणी कोठची वं आजी? हा उडीद हाय, वड्याचा. हे पाहा." असं म्हणून त्यांनी डब्यातून मूठभर उडीद घेतले आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकून कचाकच चावले. कोरडे, कच्चे उडीद. चावता चावता कुठंतरी कट्‌ असा आवाज झाला. साहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी रुमाल काढून मिशीला लावला आणि "काही नाही, काही नाही," म्हणत पायरीवर बसले. वस्ती हसू लागली. म्हातारी मात्र हसली नाही, ती त्या रुमालाकडे बारीक नजरेनं पाहत राहिली.

"दुखलं?" तिनं विचारलं.

"दुखलं," साहेब म्हणाले.

खोटं न बोलणारा माणूस दिसल्यावर म्हातारीचा आवाज उतरला. मग साहेबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, पण या वेळी डॉक्टरसारखा नाही. आणि ती बोलली.

"राती उठते अन् माय पाहिजे म्हणते. माय कोठून आणू मी? साखर घालून दुधाची बाटली देतो तोंडात, मंग झोपते. भावाले बी तसंच केलं होतं. मायीत हाय मले दात किडते म्हून. पण रडणं आयकवत नाही हो साहेब. आता उन्हाळ्यात सून येईन अन् हिच्या बी तोंडात खुंट पाह्यन, तं मले काय म्हणन? पोट्टी संभाळाले ठेवली होती ना माह्यापाशी?"

मी इतकी वर्षं पोरांचे दात पाहत होते. बाटलीच्या पलीकडे असं काही असतं, हे मला त्या दिवशी कळलं. साहेबांनी रुमाल खिशात घातला. मग म्हणाले, "सुनेची एखांदी साडी हाय का घरात? धुतलेली नाही पाहिजे. नेसून काढून ठेवलेली."

म्हातारी चकित झाली. "हाय एक. जातानी बदलून दोरीवर टाकली, तशीच राह्यली."

"धू नका. ते पांघरूण घाला तिले. मायचा वास येते त्याले. अन् बाटलीतली साखर एकदम बंद नका करू, रोज चिमूट चिमूट कमी करा. मंग दुधात पाणी, मंग निस्तं पाणी. झोपाच्या पहिले दात घासा, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. जास्त नाही, ते गिळते ना." मग त्यांनी पोरीला मागितलं. मी समोर गुडघा लावून बसले, आरूनं आभाळ डोक्यावर घेतलं, आणि साहेबांनी चारही दातांना लेप लावला. "हा उडीद तुमच्यापाशीच राहू द्या," उठताना म्हणाले. "मूग द्याची पाळी आली का मंग माहा मी वापस घेईन."

त्यानंतर आमच्या खेपा झाल्या, आणि साहेबांची बाई वारली, ते एकटेच राहतात, हे ड्रायव्हरनं म्हातारीला कधीतरी सांगून टाकलं. संक्रांतीनंतर गेलो तेव्हा रेघ तशीच होती, वाढलीही नव्हती आणि गेलीही नव्हती. साहेब पुन्हा लेप लावून आले. परतताना त्यांनी नेहमीपेक्षा जास्त पेढे घेतले. म्हातारी सांगत होती, पहिले काही दिवस पोरीनं घर डोक्यावर घेतलं, एकदा तिनं हरून बाटली दिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा साडी. आता पोरगी साडीचा काठ मुठीत धरून झोपते. साडीचा वास गेला असेल, पण पोरीला अजून येतो.

उन्हाळा लागला आणि ऊसतोडीची माणसं परतली. आम्ही गेलो त्या दिवशी अंगणवाडीत आरू आईच्या मांडीवर बसली होती. उन्हानं करपलेली ती तरुण बाई पोरीला क्षणभर खाली ठेवत नव्हती. म्हातारी भिंतीशी उभी. तिनं पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मला वाटतं, तिच्या आयुष्यातल्या कुठल्याच निकालाची तिनं इतकी धास्ती घेतली नसेल.

साहेबांनी ओठ उचलला. बॅटरी मारली. पुन्हा मारली. मला म्हणाले, "सिस्टर, पाहा." मी पाहिलं. खडूची रेघ गेली होती आणि दात चकचकीत होते. एकावर तेवढा फिका तपकिरी डाग होता. साहेबांनी तो हत्यारानं टोकरून पाहिला, टणक होता. "थांबली कीड," ते म्हणाले. "चारी राह्यले."

त्यांनी डबा उघडून मूग काढला आणि सुनेच्या नाही, सासूच्या तळहातावर ठेवला. सून सासूकडे पाहून हसली. म्हातारीनं मूग कपाळाला लावला आणि डोळे पुसले. मीही पुसले, उगीच कशाला लपवू?

"आणा आता माहा उडीद," साहेब हात पुढे करून म्हणाले.

"देतो ना. पहिले तुमी बसा खाली."

"कायले?"

"बसा म्हणतो ना!"

साहेब पोरांच्या सतरंजीवर बसले. म्हातारीनं हात पुसला, आणि कुणाला काही कळायच्या आत अंगठ्यानं त्यांची मिशी उचलली. सगळी अंगणवाडी वाकून पाहू लागली. इतक्या वर्षांत आम्हा कुणाला जे दिसलं नव्हतं, ते त्या दिवशी दिसलं. पुढचे दोन दात अर्धेच होते, एक काळा पडलेला, आणि बाजूचा तो उडदानं तुटलेला. ड्रायव्हर खिडकीतून "अरे बापा!" म्हणाला.

"मले तवाच मायीत होतं," म्हातारी म्हणाली. मिशी तिनं सोडली नव्हती. "रडू आलं का काय खाता?"

साहेब तपासणीसाठी वगैरे काहीतरी पुटपुटले. म्हातारी थांबून राहिली. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळेपर्यंत थांबायचं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"पेढा," साहेब म्हणाले. आवाज अगदी अंगणवाडीतल्या पोरासारखा आला.

म्हातारीनं पदराची गाठ सोडली, तो उडीद काढला, त्यांच्या तळहातावर ठेवला आणि वरून त्यांची मूठ मिटवली. "बाईची साडी हाय का घरात?"

"हाय. ट्रंकेत हाय."

"मंग ट्रंकेत कायले ठेवली? काढा भाईर, पांघरत जा. अन् पेढा चिमूट चिमूट कमी करा. तीन महिन्यानं पाह्यतो मी."

कुणी हसलं नाही. साहेबांनी मान हलवली आणि मूठ तशीच मिटलेली ठेवून गाडीत येऊन बसले.

रिसोडच्या स्टँडजवळ ड्रायव्हरनं सवयीनं गाडी हळू केली. साहेब मुठीकडे पाहत होते. "चाल, चाल," म्हणाले. दुकान मागे गेलं. दवाखान्याच्या फाटकाशी आल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"सिस्टर, वाशिमात दातांचा कोणी चांगला डाक्टर हाय का तुमच्या पाह्यण्यात?"

मी एक नाव सांगितलं. ते उतरले, दार लावलं, आणि पुन्हा खिडकीशी आले.

"लय दुखते का हो?"

"दुखन," मी म्हटलं. "मी येतो संगं."